पोटातल्या जिवासाठी

सुलतान बाजारातल्या औषधाच्या दुकानातून लक्ष्मणराव रिकाम्या हाताने परतला होता आणि बेसिनपाशी उभा राहून साबणाने बोटे घासत होता. एकेक नख, सावकाश. दारात त्याची बायको भामा उभी होती. तिला सहावा महिना होता. स्वाइन फ्लूची साथ आहे, गरोदर बाईला ती लवकर गाठते, लस आजच घ्या, असे डॉक्टरीणबाईंनी सकाळी बजावले होते. शहरात लस मिळेनाशी झाली होती. ओळखीच्या दुकानदाराने एक डोस भामासाठी बाजूला ठेवला होता. शेवटचा.

‘आणली नाही,’ तो अखेर म्हणाला. ‘दुकानापर्यंत गेलो आणि मन धजेना. पोटातल्या जिवाला कशाला ते परकं विष?’

‘पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही होत नाही.’

‘त्यांचं काय जातंय म्हणायला?’ सासू मालनबाई कापराची पुरचुंडी घेऊन आली आणि भामाच्या गळ्यात बांधू लागली. ‘आमच्या वेळी कुठं होत्या गं सुया? चार बाळंतपणं झाली माझी, नुसत्या काढ्यावर.’

‘आणि जगली किती, आत्याबाई?’

मालनबाईने गाठ जरा जास्तच आवळली.

‘तुला तुझ्या जिवाची पडलीय, भामा,’ लक्ष्मणराव हळू आवाजात म्हणाला. ‘मला लेकराची.’

हे वाक्य तिच्या वर्मी बसले. आपण भ्यालो, आणि ते आपल्याच मरणाला, या जाणिवेने ती शरमली. काचीगुड्याच्या गल्लीतली सातव्या महिन्याची बाई आठवड्यापूर्वी गेली होती, दोन्ही जिवांनिशी. तिचा चेहरा भामा मनातून पुसू पाहत होती. आंध्र आणि तेलंगणा असे राज्याचे दोन तुकडे झाल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. बरकतपुऱ्याच्या गटारींतून वापरलेले मास्क मेलेल्या पाखरांसारखे तरंगत. लोक त्यांच्या कडेला खाकरत, थुंकत आणि एकमेकांच्या श्वासाकडे चोराच्या नजरेने बघत. या सगळ्या ओंगळपणात आपल्या नवऱ्याची काळजी तरी स्वच्छ आहे, असे तिने स्वतःला सांगितले. लसीचे नाव पुन्हा काढले नाही. सुई न टोचलेला दंड चोळत ती रात्री जागी राही आणि नवऱ्याच्या काळजीबद्दलच्या कृतज्ञतेवर विश्वास ठेवायला शिके.

लक्ष्मणरावाच्या कचेरीत तेव्हा माणसांची वाटणी चालली होती. कोण तेलंगणात राहणार, कोण आंध्रात जाणार. वडील रेल्वेत असल्यामुळे त्याची शाळा आंध्रातल्या गुंटकलला झाली होती, आणि तेवढ्यावर त्याचे नाव आंध्राच्या बाजूला पडून त्याला हे शहर सोडावे लागू शकत होते. ही नावे अप्पाराव नावाच्या साहेबाच्या हातून जात. त्याची मुलगी शिरीषा माहेरी बाळंतपणाला आली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला अगत्याने बोलवायचे, असे लक्ष्मणरावानेच आईला सुचवले.

ती आली. भामाइतकीच अवघडलेली, गोरी, हसतमुख मुलगी. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाचे काय काम? तरी लक्ष्मणराव घोटाळत राहिला. एरवी पाण्याचा पेलाही न उचलणारा तो आज सरबताचे ट्रे फिरवत होता. ‘लो ना अम्मा, और लो,’ म्हणताना त्याचा आवाज उघड्या काकवीसारखा चिकट झाला होता.

शिरीषाने तिळगूळ घेतला, कुंकू लावून घेतले आणि भामाला स्वतःशेजारी बसवले.

‘अक्का, आपको भी बुखार आया था क्या, सुई के बाद?’

‘कसली सुई?’ भामाने विचारले.

‘वोच, स्वाइन फ्लू की. मैं तो बहुत डर रही थी. डॅडी बोले तो भी नहीं लेती थी. मगर लक्ष्मण अन्ना खुद लेके आए, बर्फ में डालके. बोले, मेरी मिसेस को भी छठवाँ है, वो तो कल ही ली, देखो एकदम अच्छी है.’ तिने भामाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ‘आप ली करके मैं ली, अक्का.’

मालनबाईची कुंकवाची बोटे कुणाच्यातरी कपाळापाशी थबकली. मग ती पुढच्या बाईकडे वळली. तिने भामाकडे मात्र पाहिले नाही.

भामा हलली नाही. शिरीषाचे तळवे उबदार होते, निरोगी होते, आणि त्यांत कणभरही कपट नव्हते. किळस त्या मुलीची नव्हती. किळस वाटत होती ती आपल्या इतक्या दिवसांच्या कृतज्ञतेची. पानातले अन्न अर्धे खाऊन व्हावे आणि मग त्यात काय होते ते कळावे, तशी ती कृतज्ञता तिच्या घशाशी आली.

‘दुखा नहीं ना आपको?’ शिरीषाने आपला डावा दंड कौतुकाने दाबून पाहिला. ‘मेरेकू दो दिन इधर दुखा. आप किस हाथ पे ली?’

भामाने मान वळवली. नवरा दोन पावलांवर ट्रे धरून उभा होता.

‘सांगा की हो,’ ती म्हणाली, ‘मी कोणत्या हातावर घेतली?’

ट्रेमधले सगळे पेले अजून भरलेले होते. लक्ष्मणराव ते तसेच घेऊन आत निघून गेला.