कातळावरची रेंज

मोबाइलचा टॉवर उभा राहिला असं तुम्ही सरकारी कागदावर दाखवलंत, साहेब, आणि खाली सहीही ठोकलीत. वेल्ह्याच्या ह्या वाडीत तो टॉवर अजून कुणाला दिसलेला नाही. म्हणून सुलक्षणा नोकरीच्या शेवटच्या मुलाखतीला भैरोबाच्या देवळामागं, टेकाडावरच्या कातळावर बसली होती. अख्ख्या वाडीत रेंज तेवढ्या कातळालाच.

अंगात मावसबहिणीचा कोट, खाली घरातलीच सलवार. पायात वडलांच्या जाड चपला. आबांनीच काढून दिल्या होत्या. "कातळ तापतुय. घाल. मला सवं हाय."

मुलाखतीची वेळ कंपनीनं काल दुपारनंतर कळवली. सकाळची एसटी तर कधीच बंद झालेली. पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी, काम तिच्या खर्चाचे आणि कमाईचे अंदाज बांधण्याचं. भोरच्या कॉलेजातून एम.कॉम. होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. हे हुकलं तर पुढं नवशिकी म्हणून कुणी दारात उभं करणार नव्हतं.

मागच्या खेपेला असंच हुकलं होतं. दुसऱ्या कंपनीची मुलाखत रंगात आली, आणि चुलतभाऊ गोरख कातळावर चढून खताच्या दुकानदाराशी भांडायला लागला. दोन फोन त्या कातळाला पेलत नाहीत. तिचा चेहरा पडद्यावर थिजला. कंपनीनं कळवलं, उमेदवार मुलाखत अर्धवट सोडून गेली.

म्हणून काल सांजच्याला आबांनी वाडीला देवळात बसवलं आणि प्रत्येकाला बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. "पोरगी खाली उतरंस्तवर कातळाला कुणी पाय लावायचा न्हाई."

"आन लागला तर, तात्या?" गोरखनं आबांना विचारलं.

"तंगडं मोडीन तुजं. दुकानदाराला परवा शिव्या दी."

सगळे हसले. गोरखनंही हसतच भंडारा उचलला.

आज पडद्यावर एक बाई होती. कंपनीचे साहेब दुसऱ्या मीटिंगमध्ये होते. "थांबा जरा," बाई म्हणाली आणि स्वतःचा कॅमेरा बंद करून गेली. सुलक्षणा स्वतःचाच चेहरा बघत बसली. ऊन चढलं. साहेब आले ते चहाचा कप घेऊनच. माफी नाही, काही नाही.

गिऱ्हाइकानं पैसे थकवले तर पगार कशातून द्याल? विक्रीचा अंदाज चुकला तर आधी कुठला खर्च कापाल? तिनं न अडखळता सांगितलं. इंग्रजी जिभेवर नीट बसत होतं.

तेवढ्यात कातळाच्या कडेला गोरख दिसला. छाती भात्यासारखी हलत होती, हातात फोन. कडेशी येऊन तो थबकला. पाय पुढं टाकेना. फोन वर करून त्यानं काहीतरी खुणावलं.

ह्याला बरा आजच दुकानदार आठवतो, तिच्या मनात आलं. नजर पडद्यावरून न हलवता तिनं कॅमेऱ्याखालून पंजा दाखवला. थांब.

त्यानं पुन्हा फोन वर केला. तिनं पुन्हा पंजा दाखवला, ह्या वेळी जोरात. गोरखनं एकदा खाली वाडीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग वळला आणि पळतच उतरला. प्रश्न पुढं अर्धा-पाऊण तास चालूच राहिले.

"एक गोष्ट पत्करली की दुसरी हातची जाते," साहेब म्हणाले. "ती किंमत वहीत कुठं दिसत नाही. उदाहरण द्या. पुस्तकातलं नको."

तिला लगेच सुचलं. "सर, आमच्या वाडीत रेंजची जागा एकच. आत्ता तिथं मी बसलेय, म्हणून बाकी सगळ्यांचे फोन थांबलेत. माझ्या मुलाखतीची खरी किंमत ती."

साहेब पहिल्यांदाच हसले. "आणि परवडते ती वाडीला?"

"परवडते, सर. तासाभराचा तर प्रश्न आहे."

बाईनंही हसून काहीतरी टिपून घेतलं. "घरी कोण असतं?"

"आई, वडील. वडील शेती करतात."

दोघं आपसात बोलले. मग बाई म्हणाली, "सोमवारी रुजू व्हा. पत्र पाठवते."

सुलक्षणा चपला फटफटवत टेकाड उतरली. देवळाखालच्या वाटेवर सगळी वाडी बसलेली. पोरंसुद्धा गप्प. आपल्यासाठी एवढी माणसं श्वास धरून बसलीत, ह्याचं तिला हसू फुटलं.

"आबा कुठंयत?"

गोरखनं मान वर केली नाही. "गाडीला फोन लावाय आल्तो म्या," तो म्हणाला. "छातीत कळ आल्ती तात्यांच्या. मग झोळी करून निघालो. खिंडीतनं माघारी आणलं."

माणसं बाजूला सरली. बांबूला बांधलेलं घोंगडं जमिनीवर ठेवलं होतं. त्यातून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते.

आई उशाशी बसली होती, डोळे कोरडे. तोंडात कोंबलेला पदर तिनं बाहेर काढला.

"शेवटपत्तुर येकच इचारत व्हते. मला काय सांगता आलं न्हाई. आता तू सांग त्येंस्नी. लागली का नोकरी?"