अठरावं नाव

बाराशे किलोमीटर गाडी हाणत ग्रेहॅम आम्हा आदिवासींच्या पाणवठ्यावर उतरला, तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा लाल धूळ होती. दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबांची एक मोहीम या वाळवंटात उपाशी मेली. त्याच वाटेवर हल्ली कुणीतरी डबे लपवतं. फोनवरच्या खुणांनी ते शोधायचे आणि आतल्या वहीत नाव लिहायचं, असा हा खेळ. इथला डबा अजून कुणालाच सापडलेला नाही, असं फोन सांगत होता. पहिलं नाव आपलंच लागावं म्हणून ग्रेहॅम वाटेत जेवायलाही थांबला नव्हता.

आमची डल्सीमावशी कुलिबाच्या झाडाच्या सावलीत गळ टाकून बसली होती, शेजारी चार मासे. तासभर त्याला झाडाभोवती घिरट्या घालताना पाहून तिला राहवेना.

"काय हरवलं रे बाबा?"

"हरवलं नाही मावशी, शोध लावतोय."

"डब्याचा? मग त्या ढोलीत हात घाल. पण आधी हाक मार हो, घोरपड घरात असेल."

डबा निघाला. त्यानं घाईघाईनं वही उघडली आणि त्याचा चेहराच पडला. पहिल्या पानावर आमच्या वस्तीतल्या पोरांची सतरा नावं होती, वाकड्यातिकड्या अक्षरांत, बाजूला एमूचं पीस चिकटवलेलं.

"असू दे रे," मावशी म्हणाली. "अठरावा तू. ये, मासा खा."



"छे, ही तर इथलीच माणसं!" म्हणत त्यानं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं, 'पहिला शोध: ग्रेहॅम.'