खाटेखालचं खोकं

वाडीतली सगळी घरं मोंडकरांची, म्हणून कुरिअरवाला सगळ्यांचीच पार्सलं रस्त्यालगतच्या जनूच्या ओट्यावर टाकून जायचा. शेजारच्या हरबाने होडीच्या इंजिनासाठी ऑनलाइन मागवलेला पंपही तिथेच आला. जनूने ते खोकं मुकाट्याने खाटेखाली सरकवलं. ऐन हंगामात हरबाची होडी बंद राहिली, तर सगळे पर्यटक जनूच्याच होडीत चढणार होते.

"अण्णा, माझा पार्सल इला काय?" हरबा रोज विचारायचा.

"नाय रे बाबा."

आठव्या दिवशी दुपारी वारा फिरला. पर्यटकांना किल्ल्यावर सोडून एकटाच परतणाऱ्या जनूच्या लेकाचं इंजिन बंद पडलं आणि होडी खडकांकडे ओढली गेली. बाकीच्या होड्या मासेमारीला गेलेल्या. हरबाने आपली होडी पाण्यात लोटली नि जिवाच्या आकांताने वल्ही मारली. तो पोचला तेव्हा पाण्यावर नुसत्या फळ्या तरंगत होत्या.

तिसऱ्या दिवशी जनूच्या शेजारी, त्याच खाटेवर बसून हरबा ढसाढसा रडला. "पार्सल वेळेवर इला असता तर पोचलो असतंय, अण्णा! त्या कुरिअरवाल्याक मी सोडूचंय नाय."

जनूने टाचेने खोकं आणखी आत सारलं.

"सोडू नको," तो म्हणाला.