सरांच्या स्वाधीन

"पाण्यात हात घालून बघायचा राहिला," पोराची आई पुन्हा तेच म्हणाली. "माझ्या हातून झालं."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून टोपलीत फेकले. शेजारच्या पलंगावर गोटू ग्लानीत पडला होता. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. दीड वर्षाचं पोर, आणि त्याला कढत पाण्याच्या टबात उभं केलेलं. पट्टी बांधताना सुटून आलेली कातडी चिमट्याने उचलावी लागली होती. त्या कातडीची डॉक्टरीणबाईंना किळस नव्हती. ती रोजची होती. किळस आली ती समोरच्या या शांत, नीट विंचरलेल्या बाईची.

"मागे अंगावर चहा सांडला, तोही तुमच्याच हातून. मग टेबलावरून पडला, तोही तुमच्याच हातून."

"हो."

"हात आहेत की काय आहे?"

बाईने खरंच आपल्या हातांकडे बघितलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. सकाळी सिस्टरने बांधलेली.

"आणि हे कशानं?"

"त्याच पाण्यानं."

म्हणजे पोर सांभाळता येत नाही ते नाहीच, स्वतःचा हातही सांभाळता येत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असलं घर. डॉक्टरीणबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

नवरा खिडकीपाशी उभा होता. इंजिनियर होता, बूट चकचकीत होते. "घाईगडबडीत होतं असं कधी कधी," तो म्हणाला. बायकोकडे बघणं तो टाळत होता.

"कधी कधी नाही. तिसऱ्यांदा."



सगळ्यात जास्त चीड येत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ही बाई सरांची सून होती. मुलांचा हा वॉर्ड सरांनी उभा केला होता. तान्हं मूल धरायचं कसं, हे डॉक्टरीणबाईंना सरांनी स्वतःच्या हातांनी शिकवलं होतं. मूल जवळ असताना हातात गरम कप नको, टबात आधी गार पाणी आणि मग गरम, हे धडे इथल्या आयाबायांना पाठ होते. घरात अपघात होत नसतात, होऊ दिले जातात, असं सर म्हणायचे. आणि दिव्याखाली अंधार तो हा असा.

"सरांना कळलंय का हे?"

"बाबांना उगाच त्रास नको म्हणून..." नवरा म्हणाला. "हल्ली ते फारसे बाहेर पडत नाहीत."

"त्रास त्यांना व्हायलाच हवा. त्यांचा नातू आहे." डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "हे बघा. तीन दुखापती झाल्या की प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. तिचा निर्णय होईपर्यंत या मुलाला आईजवळ ठेवता येणार नाही. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, सर खाली. गोटू खाली राहील. सरांच्या स्वाधीन."

बाईने पहिल्यांदाच मान वर केली.

"खाली नको."

"का?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची बोटं कापडात रुतली.

"बालगृहात ठेवा हवं तर," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवा. मी सगळं कबूल करते. पण खाली नको."

 दारुडे बाप डॉक्टरीणबाईंनी पाहिले होते, पोराला कुलूपबंद करून बाजारात जाणाऱ्या आया पाहिल्या होत्या. पण सासऱ्याचा एवढा दुस्वास, की पोटचं पोर परक्यांच्या दारात गेलेलं चालेल? असली शिसारी त्यांना आजवर आली नव्हती.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

त्याने घसा खाकरला. "बाबांचं इथे नाव आहे. ते जपलं जावं, एवढंच."

"मी तेच करतेय. जा, त्यांना घेऊन या."

दुपारी सर आले. मुलाने कोपराला धरून आणलं. पांढरा शर्ट, काटेकोर भांग, ताठ पाठ. सिस्टर लगबगीने उभ्या राहिल्या.

"हात धुतलेस?" सरांनी आल्या आल्या विचारलं.

"धुतले, सर."

"कितव्या वर्षाला आहेस तू?"

डॉक्टरीणबाई हसल्या, सिस्टरही हसल्या. चिडवायची सरांची जुनी खोड गेली नव्हती. किती दिवसांनी या खोलीत कोणी हसलं होतं.

त्यांनी सरांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. चहा, टेबल, टब. सुनेच्या देखत सांगितलं, मुद्दाम सांगितलं. सर मान डोलावत ऐकत होते.

"घरात अपघात होत नसतात," शेवटी ते म्हणाले.

"होऊ दिले जातात," डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं. त्यांना भरून आलं. "सर, तुमच्याइतकं खात्रीचं माणूस मला दुसरं माहीत नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

बाई दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. तिचा नवरा तिच्यासमोर आडवा उभा राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी गोटूला अलगद उचललं आणि सरांच्या हातात दिलं. सरांचा तळवा आपसूक डोक्याखाली गेला, अगदी जिथे जायला हवा तिथे. गोटू कुरकुरला, मग आईकडे हात पसरून रडायला लागला.

"होईल सवय," डॉक्टरीणबाई मागे न बघता म्हणाल्या.

सरांनी पोराच्या पायाची पट्टी जराशी वर उचलली, वाकून आत बघितलं. त्यांचे ओठ मुरडले. सकाळपासून डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर होती तीच किळस आता त्यांच्या चेहऱ्यावर उतरली.

"कसल्या माणसांच्या घरात जन्माला आलंय," सर म्हणाले. "कोणाचं गं हे पोर?"