पहिला मुक्काम

"चला, निघतो हं आता!" असं म्हणत मी पुन्हा गाडीतून खाली उतरलो.

पुण्याहून नेपाळ, तिथून भूतान, असा मी आम्हा दोघांसाठी काटेकोर आखलेला दौरा होता आणि पहिला मुक्काम होता नागपूर. पण निरोपाला सकाळीच अख्खी सोसायटी खाली आली. टिळेकरकाकूंनी हातावर दही घातलं, म्हणून समोरच्या मावशी रुसल्या आणि त्यांच्याकडे पोहे खावे लागले. चाकाखाली ठेवायचं लिंबू कुणीतरी सरबतात पिळलं. दुसरं येईपर्यंत चेअरमनसाहेबांनी नेपाळची सगळी माहिती दिली. ते तिकडे कधीच गेलेले नव्हते.

अखेर गाडी सुरू केली, तर रस्त्यावरचे दिवे लागले. अंधारात गाडी चालवायची नाही, हा नियम माझाच.

बॅगा वर आणून मी बायकोवर डाफरलो, "आता जेवायला काय? फ्रीज तर रिकामा केलाय!"

तिने ओट्याखालून पातेलं काढलं. सकाळीच भिजत घातलेले मूग टम्म फुगले होते.

"उद्या पहाटे निघायचं म्हणजे निघायचंच!" मी बजावलं.

"हो तर," ती म्हणाली. "यातले अर्धे आज शिजवते. उरलेले फडक्यात बांधते, उद्या रात्रीच्या उसळीपर्यंत छान मोड येतील."