फोटोतली खिडकी

पृथ्वीच्या पाठीवर अशी एकही जागा नाही, जी दोन आकड्यांत पकडता येत नाही, असं मोजणीसाहेबांचं मत होतं. जमिनी मोजण्याच्या खात्यात त्यांनी केस पांढरे केले होते, त्यामुळे मताला वजन होतं. सध्या मात्र त्यांना स्वतःचा मुलगा सापडत नव्हता.

मुलगा गेल्या आठवड्यात घर सोडून गेला होता. साहेबांनी खटपट करून लावलेल्या खात्यातल्या नोकरीचा त्यानं राजीनामा दिला होता आणि आपल्याला दातांच्या कवळ्या बनवायला शिकायचं आहे, असं शांतपणे सांगितलं होतं. "जा मग," साहेब म्हणाले होते, "मी शोधायला येणार नाही." एवढं बोलून बसल्यावर पाऊल मागे घेणं अवघड जातं. मुलाचा फोन बंद होता. मित्रांना काही माहीत नव्हतं. जिन्यात चप्पल वाजली की साहेब विनाकारण खोकायचे आणि दाराकडे बघायचे.

आज सकाळी त्याची ईमेल आली. "मी बरा आहे. शोधू नका." सोबत एक फोटो. खिडकी, तिचे गज, कठड्यावर एक कप. बस.

साहेबांची नजर गजांवर अडली. गज लॉकअपला असतात. हॉस्पिटलच्या काही ठरावीक वॉर्डांनाही असतात.

"शोधू नका म्हणतोय," ते म्हणाले.

"तुम्ही कुठे शोधणार होतात?" बायकोनं चादरीची घडी घालता घालता विचारलं.

साहेबांनी चष्मा लावला. फोनवर काढलेल्या फोटोच्या पोटात तो कधी आणि कुठे काढला याची नोंद असते. ईमेलनं आलेल्या फोटोत ती बहुधा शाबूत राहते. जागेवर न जाता घरबसल्या फोटो पाठवणारे हाताखालचे कितीतरी जण साहेबांनी यावरूनच पकडले होते. त्यांनी फोटोचा तपशील उघडला. तारीख कालची होती. खाली अक्षांश आणि रेखांश होते. ते आकडे त्यांनी नकाशात घातले.

खूण त्यांच्याच इमारतीवर पडली.

त्यांनी आकडे पुन्हा घातले. खूण हलली नाही.

"काय दाखवतंय?"

"आपलं घर."

बायकोनं घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. साहेबांनी पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, गॅलरीतल्या अडगळीमागे बघितलं. तरणाताठा मुलगा तिथे मावणार नाही, हे त्यांना मोजमापानं ठाऊक होतं. मग ते अचानक उभे राहिले आणि गच्चीच्या जिन्याकडे धावले. गच्चीवर पाण्याची टाकी होती.

"अहो, तिथे नसणार तो," मागून येत बायको म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"आई आहे मी. तुम्ही उतरा खाली."

ते चढले. तिनं शिडी धरली. टाकीचं झाकण गंजून बसलं होतं. ते निघेपर्यंत साहेबांनी आयुष्यात बोललेली बरीच वाक्यं मनातल्या मनात परत घेतली. झाकण निघालं. आत पाण्यात फक्त त्यांचं स्वतःचं तोंड दिसलं. ते बघून इतकं बरं वाटण्याची ही पहिलीच वेळ.

"बघा, सांगत होते ना," बायको खालून म्हणाली. शिडी मात्र तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

घरी येऊन साहेबांनी फोटो मोठा करून बघितला. गजांची नक्षी ओळखीची होती. बिल्डरनं सगळ्या इमारतीला तीच दिली होती. गजांपलीकडे अंगणातल्या झाडाचं खोड होतं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. तिथून त्याच झाडाचा शेंडा दिसत होता.

साहेबांनी जन्मभर लांबी आणि रुंदी मोजली. माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहतात, याची नोंद त्यांच्या खात्यात होत नसे.

बरोबर खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहत होते, दवाखानाही घरातच होता. पार्किंगची रेघ मोजून साहेबांनी त्यांची स्कूटर वीतभर मागे सरकवायला लावली, त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं अस्तित्व रद्द केलं होतं. कवळ्यांचा विषय निघाला तेव्हाही हा माणूस साहेबांच्या डोक्यात आला नाही तो यामुळेच.

ते एक मजला उतरले. बेलवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. परत वर जाता येणार होतं. कुणी बघितलं नव्हतं. शब्द राहिला असता.

त्यांनी बेल दाबली.

दार मुलानं उघडलं. कोपरापर्यंत हात प्लॅस्टरनं पांढरे झाले होते.

"शोधू नका लिहिलं होतं, बाबा."

"वाचलं मी." साहेबांनी फोन खिशात टाकला. "तुझी आई काळजीनं अर्धी झालीये. म्हणून आलो."

मुलानं दार पूर्ण उघडलं. त्याचे डोळे भरून आले.

"साहेब, आत या किंवा बाहेर राहा," आतून दंतवैद्य ओरडले. "दार उघडं राहिलं की सगळा धुरळा जिन्यात जातो. मग तुम्हीच जिना मोजायला याल."

साहेब आत गेले. रिकामी खुर्ची एकच होती, दात काढायची. ते तिच्यात बसले. उगाच फोन काढून फोटोचा तपशील पुन्हा वाचू लागले. अक्षांश-रेखांशांच्या खाली, फोटो कोणत्या फोननं काढला तेही लिहिलेलं होतं. ते मॉडेल साहेबांनी स्वतः निवडून घेतलं होतं, मागच्या वर्षी, बायकोसाठी.