विळीवरची लाल रेघ

रविवारी सकाळी कोलशेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई विळीवर सुरमई कापत होत्या आणि मी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होते. फोकस सारखा त्यांच्या चेहऱ्यावर पळायचा, म्हणून नवीन ॲपमध्ये मी तो विळीच्या पात्यावर लॉक केला. तेवढ्या अंतरावर जे जे असेल, त्याच्या कडेने स्क्रीनवर लाल रेघ उमटायची.

पात्याला रेघ होती. माशाला होती. सासूबाईंच्या दोन्ही हातांना होती.

आणि तिसऱ्या एका हाताला.

तो हात नुसत्या रेघेचा होता, आत काहीच नव्हतं. त्याने सासूबाईंचं मनगट धरलेलं.

"आई, हात काढा!"

"अगं, निघत नाहीये," त्या म्हणाल्या. "कोणीतरी..."

रेघेने हिसका दिला. सासूबाईंचा अंगठा कचकन तुटून माशाच्या तुकड्यांत पडला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली.

स्क्रीनवर आता तो हात नव्हता.

"फोन काय धरून बसलीस, अक्षदा!" त्या किंचाळल्या.

पण फोकस अजून विळीवरच लॉक होता. हात दिसत नाही, म्हणजे तो विळीपाशी नाही, एवढंच. मी फोकसचं अंतर बदलणारा स्क्रीनवरचा स्लायडर अंगठ्याने अलीकडे ओढला. काही नाही. आणखी अलीकडे. काही नाही. अगदी टोकाला, लेन्सला चिकटून, लाल रेघ पेटली.

चार बोटं. फोनच्या कडेवरून ती माझ्या बाजूला वळत होती.

स्लायडरवरच्या माझ्या अंगठ्याला काहीतरी ओलं टेकलं.